धुळ्याची थंडी, मुंबईची शर्यत: मॅरेथॉनच्या तयारीतल्या शेवटच्या पाच आठवड्यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धुळ्याच्या देवपूर भागात राहणाऱ्या, एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३९ वर्षांच्या बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. धावणाऱ्यांच्या गटात सगळे त्यांना ‘ताई’ म्हणतात, इथेही तेच नाव ठेवले आहे. तीन वर्षांपासून नियमित धावणे, दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण, त्यांतली चांगली वेळ २ तास १४ मिनिटे. वजन ५२ किलो. स्वतःला दमा कधी नव्हता, पण आईला होता, आणि धूळ उडाली की ताईंना शिंकांची माळ लागायची. गटात नाव नोंदवताना हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

शर्यत होती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, पूर्ण अंतर, ४२.१९५ किलोमीटर. लक्ष्य ४ तास ५० मिनिटांचे, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे ५२ सेकंद. अर्धमॅरेथॉनची वेळ पाहता हे लक्ष्य अवाजवी नव्हते. सप्टेंबरच्या मध्यापासून १८ आठवड्यांचा आराखडा सुरू झाला: आठवड्यात चार दिवस धावणे, बुधवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला. नोव्हेंबरअखेर आठवड्याचे अंतर ४८ किलोमीटरवर आले, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी २६ किलोमीटर विनातक्रार झाले. मग थंडी पडली.

ही थंडी कोणत्या जातीची

थंडीतल्या धावण्याबद्दल वाचायला मिळते ते बहुतेक बर्फाच्या देशांतले असते. तिथे दिवसभर शून्याच्या आसपास तापमान, निसरडे रस्ते, चार वाजता अंधार. खान्देशातली थंडी वेगळी आहे. ती पहाटेची थंडी आहे. लाट आली की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातले किमान तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरते, आणि पेपरात निफाडशेजारी धुळ्याचे नाव येते. त्याच दिवशी दुपारी दोनला पारा २७-२८ वर असतो. आठ तासांत वीस अंशांचा फरक. निरभ्र आकाश आणि कोरडी हवा यांमुळे जमिनीतली उष्णता रात्रभर निसटत राहते, आणि जड झालेली गार हवा उतरत उतरत सखल भागात, नदीकाठी साचते.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही या प्रकरणात आड आल्या. पहिली: सगळ्यांत कमी तापमान मध्यरात्री नसते, सूर्योदयाच्या आसपास असते. डिसेंबरअखेर धुळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे साडेपाचला निघालेला माणूस ‘आता उजाडेल, ऊब येईल’ म्हणत दीड तास गारठत्या हवेतच धावतो. दुसरी: जमिनीलगत गार आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर असला की धूर वर जाऊ शकत नाही. शेकोटीचा, बंबाचा, झाडलोट करून पेटवलेल्या पाल्याचा सगळा धूर डोक्याच्या उंचीवर पसरून राहतो.

अडचण

शर्यतीला पाच आठवडे उरले होते. रविवारी २८ किलोमीटर ठरले होते. किमान तापमान ७ अंश. गट पांझरा नदीच्या काठच्या रस्त्यावर जमायचा. ताई घरून सहा किलोमीटर स्कूटीवर आल्या, अंगात सुती टी-शर्ट, वर लोकरी स्वेटर, डोक्याला कानटोपी. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने शेकोटीत लाकूड सारत म्हटले, “आज गंज थंडी शे, ताई,” म्हणजे आज खूप थंडी आहे. दोन मिनिटे हात शेकून त्या थेट धावायला लागल्या.

चौथ्या किलोमीटरला स्वेटर घामाने जड झाला, तो कंबरेला बांधला. ओला सुती टी-शर्ट पाठीला चिकटला आणि परतीच्या वाऱ्यात पाठ गार पडली. डावी पोटरी सुरुवातीपासून आखडलेली होती, ती १८ व्या किलोमीटरला ओढायला लागली. २८ पूर्ण झाले. थांबल्यावर सात-आठ मिनिटांनी कोरडा खोकला सुरू झाला, छातीवर पट्टा आवळल्यासारखे वाटले. अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप ओसरले.

घरी वजन केले तर ५०.७ किलो. निघताना ५२.४ होते. संपूर्ण पल्ल्यात त्या पाण्याचा घोट प्यायल्या नव्हत्या, कारण तहानच लागली नाही. म्हणजे १.७ किलो, शरीराच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त, घट. गटाचे प्रशिक्षक फोनवर म्हणाले ते नेमके होते: “ताई, घाम दिसला नाही म्हणजे गेला नाही असं नसतं. कोरड्या हवेत तो उडून जातो.” गारठ्यात तहानेची जाणीव मंदावते आणि लघवी जास्त होते, हेही त्या घटीत होते.

बुधवारी वेगाच्या सरावात खोकला पुन्हा, या वेळी जास्त. रात्री दोनदा जाग आली.

वाया गेलेले नऊ दिवस

इथला पहिला निर्णय चुकला. मेडिकलवरून खोकल्याचे औषध आणि पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या, घरी आले-तुळशीचा काढा सुरू झाला. ताप नव्हता, कफ नव्हता, घसा दुखत नव्हता. खोकला फक्त धावणे थांबल्यावर येत होता आणि तासाभरात जात होता. जंतुसंसर्गाचा खोकला घड्याळ लावून येत-जात नाही. पण डिसेंबरात घरोघरी कोणी ना कोणी खोकत असते, त्यामुळे हा खोकलाही त्यातलाच धरला गेला.

पाच दिवस पूर्ण विश्रांती, मग दोन हलक्या धावा. दुसऱ्या धावेनंतर खोकला जसाच्या तसा. आराखड्यातला पुढचा ३० किलोमीटरचा रविवार हुकला. शर्यतीला चार आठवड्यांहून कमी वेळ उरला, आणि तेव्हा छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

तपासणीत काय निघाले

बसून केलेली फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, अगदी व्यवस्थित आली. अनेकांचा तपास इथेच थांबतो आणि ‘काही नाही, मनाचं आहे’ असा शिक्का बसतो. या डॉक्टरांनी आठ मिनिटे ट्रेडमिलवर दम लागेपर्यंत धावायला लावले आणि नंतर ठरावीक मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितले. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा १४ टक्क्यांनी घटली होती. १० टक्के किंवा त्याहून जास्त घट असेल तर व्यायामाने श्वासनलिका आकसतात असे मानले जाते.

याची यंत्रणा समजली की उपाय आपोआप सुचतात. शांत बसलेला माणूस नाकाने श्वास घेतो आणि नाक हवेला ऊब व ओलावा देते. धावताना तोंड उघडते, दर मिनिटाला कितीतरी पट हवा आत जाते, आणि तिला ओलावा देण्याचे काम श्वासनलिकांच्या अस्तरावर पडते. अस्तर सुकते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. गार हवेत मुळात बाष्प कमी मावते, म्हणून थंडीत हे वाढते. खरा अपराधी कोरडेपणा आहे, गारवा त्याचा साथीदार. त्यात धूर मिसळला की आधीच चिडलेल्या अस्तरावर मीठ.

समोरचे पर्याय

डॉक्टर, प्रशिक्षक आणि ताई यांच्यापुढे चार वाटा होत्या.

ट्रेडमिल ही पहिली. जिम सहाला उघडते, आत २०-२२ अंश तापमान, धूर नाही. पण बरीच यंत्रे तासाने आपोआप थांबतात, आणि पट्ट्यावर तीन तास काढणे ही वेगळीच शिक्षा. आठवड्यातल्या एखाद्या मधल्या दिवसासाठी ठीक, लांब पल्ल्यासाठी नाही.

दुसरी, संध्याकाळी धावणे. पतसंस्थेतून सुटका साडेसहाला. तोवर अंधार, वाहनांची धूळ, आणि पुन्हा पेटलेल्या शेकोट्या. शिवाय याच दिवसांत कापूस आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. हा पर्याय लगेच सोडला.

तिसरी, या वर्षी मुंबई सोडून देणे. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने ते गरजेचे मानले नाही, पण धावताना, थांबल्यावर नव्हे, छाती आवळली किंवा शिटीसारखा आवाज आला तर त्याच क्षणी थांबायचे, ही अट घातली.

चौथी, बाहेरच धावायचे, पण वेळ, रस्ता, सुरुवात आणि कपडे हे सगळे बदलायचे, सोबत पंप, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारे, तोंडाने ओढून घ्यायचे औषध. ही निवडली.

पंपावर मात्र घरात आणि गटात दोन दिवस वाद झाला. घरच्यांना ‘सवय लागेल’ ही भीती. गटातल्या एकाने तर ‘पंप मारून पळणं म्हणजे चीटिंग’ असे म्हटले. दोन्ही समज चुकीचे आहेत. पंपातले औषध, सालब्युटामॉल, उत्तेजकविरोधी नियमांतही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंत, चालते. ताईंना सांगितलेली मात्रा होती धावण्याआधी १५ मिनिटे दोन फवारे, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. ही त्यांच्यासाठी लिहून दिलेली मात्रा आहे, शेजाऱ्याचा पंप उसना घेऊन करायचा प्रयोग नव्हे. डॉक्टरांनी एक खूणही सांगून ठेवली: आठवड्यात धावण्याव्यतिरिक्त पंप लागायला लागला तर परत यायचे.

काय बदलले

सगळ्यांत स्वस्त बदल स्कूटीचा. ७ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटी चालवली की त्वचेला ते साधारण २ अंशांसारखे लागते. म्हणजे ताई धावायला लागायच्या आधीच पोटऱ्या आणि छाती गारठून बसत होत्या. धावण्यापेक्षा जास्त थंडी त्या प्रवासात खाल्ली जात होती. आता सुरुवात घराच्या दारातून, आणि गटातल्या दोघींनी देवपुरातच येऊन मिळायचे ठरले.

रस्ता बदलून पांझरेचा काठ सोडला आणि गोंदूरच्या बाजूचा मोकळा रस्ता घेतला. तिथे वस्ती कमी, शेकोट्या कमी. अडचण वेगळी: कुत्री. म्हणून तिघींपेक्षा कमी असतील तर जायचे नाही, प्रत्येकीच्या पाठीवर चमकणारा पट्टा, आणि वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावायचे.

वेळही सरकली. मधल्या दिवशी सव्वासात, सूर्य वर आल्यावर. आठ-साडेआठनंतर जमीन तापायला लागली की धुराचा थर फुटतो. नोकरीला साडेदहाला पोहोचायचे असल्याने मधले दिवस ८-१० किलोमीटरच्या पुढे नेता येत नव्हते, ते मान्य केले. रविवारचा लांब पल्ला आठ वाजता सुरू.

सुरुवात कशी करायची यावर सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण श्वासनलिकांच्या बाबतीत खरा फायदा तिथे आहे. क्रम असा ठेवला: घरातच आठ मिनिटे, जिन्यावर चढ-उतार, टाचा उचलणे २० वेळा दोनदा, पाय पुढे-मागे झुलवणे. पंप. मग बाहेर दहा मिनिटे इतक्या सावकाश की पूर्ण वाक्य बोलता यावे, तोंडा-नाकावर पातळ कापडी पट्टी. त्यानंतर २० सेकंद झपझप, एक मिनिट चाल, असे सहा वेळा. मग पाच मिनिटे चाल आणि मुख्य धाव. छोट्या झपाट्यांनी नलिका एकदा थोड्या आवळून मोकळ्या झाल्या की पुढचा तास-दोन तास बऱ्याच जणांत त्या तितक्या आवळत नाहीत. हे प्रत्येकात घडत नाही, ताईंमध्ये घडले. पट्टीचे काम सोडलेल्या श्वासातला ओलावा आणि ऊब पुढच्या श्वासाला परत देण्याचे. लोकरी मफलर यासाठी नको, त्याची कुसे घशात जातात आणि ओला झाला की श्वास अडतो.

शेवटही तसाच. धाव संपवून एकदम थांबायचे नाही, दहा मिनिटे मंदावत यायचे, पट्टी तोंडावरच ठेवून. आणि पाच मिनिटांत कोरडे कपडे.

कपड्यांचा हिशेब साधा: जे तापमान आहे त्याहून दहा अंश जास्त आहे असे धरून कपडे घाला. सुरुवातीची पाच मिनिटे कुडकुडायला झाले तर माप बरोबर आहे. ७-८ अंशांना ताईंचा वेश असा ठरला: पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, त्यावर बिनबाह्यांचे वाऱ्याचे पातळ जाकीट, लांब टाइट्स, हातमोजे, कान झाकणारी पट्टी. स्वेटर नाही, सुती काही नाही. मोजे-हातमोजे आठव्या-नवव्या किलोमीटरला नकोसे होतात, त्यांतले हातमोजे खिशात जातात, म्हणून खिसा असलेलीच टाइट्स.

पाणी तासाला ४०० मिली, तहान असो-नसो, अर्ध्या लिटरच्या थर्मासमधून कोमट. खाण्यात एक गंमत आढळली. गूळ-शेंगदाण्याची चिक्की पहाटे इतकी कडक होते की धावताना चावता येत नाही, तुकडा घशात अडकायची भीती. त्याऐवजी खजूर, चार साधे खजूर म्हणजे साधारण २०-२५ ग्रॅम कर्बोदके, आणि आलटून-पालटून केळे. जळगाव शेजारी असताना केळ्याची कमतरता नसते.

पोटरीला आणखी एक कारण होते: ठोकळ टाचेच्या चपलेतून दिवसभर वावर आणि पहाटे कमी उंचीच्या टाचेचे बूट. पायाचा पुढचा भाग पायरीच्या कडेवर टेकवून टाच हळू खाली नेण्याचा व्यायाम, रोज १५ वेळा तीनदा, आणि वेगाचा सराव दोन आठवडे बंद. दहा दिवसांत ओढ गेली.

३० किलोमीटरचा रविवार आणि न ऐकलेली सूचना

शर्यतीला तीन आठवडे असताना हुकलेला ३० किलोमीटरचा पल्ला झाला. सुरुवात आठला, ११ अंश. शेवट ११ वाजून ३५ मिनिटांनी, तोवर २५ अंश. खोकला नाही. वजनातली घट ७०० ग्रॅम. सगळे खूश.

घड्याळात मात्र दुसरी गोष्ट होती. साडेआठच्या सुमारास किलोमीटरला ६:५५ या वेगाला नाडी १५० होती. अकरानंतर वेग ७:२५ वर घसरला आणि नाडी १६४ वर गेली. थोडा भाग दमल्याचा, पण उन्हाचा वाटा मोठा होता. नोव्हेंबरच्या मध्यापासून ताईंची प्रत्येक धाव १५ अंशांच्या खाली झाली होती. गारव्यात शरीराला त्वचेकडे रक्त वळवावे लागत नाही, म्हणून त्याच नाडीला जास्त वेग मिळतो. हा वेग धुळ्याच्या पहाटेचा होता. मुंबईत जानेवारीतही पहाट १८-२० अंशांची, हवेत समुद्राचा दमटपणा, आणि पाच तास धावणाऱ्याचा शेवटचा तास नऊ-दहाच्या उन्हात.

प्रशिक्षकांनी उन्हाची सवय लावायला आठ धावा सुचवल्या होत्या: सुट्टीच्या दिवशी बारा-एकला ४० मिनिटे, अगदी सावकाश, टोपी आणि पाण्यासह, किंवा मधल्या दिवशी एक थर जास्त घालून. अशी सवय मुरायला १० ते १४ दिवस लागतात. लग्नसराई आणि वर्षअखेरची कामे यांत आठपैकी चारच झाल्या. लक्ष्य मात्र ४:५० वरच राहिले. नाडीचे आकडे समोर होते, चर्चाही झाली, पण नऊ दिवस गमावल्यावर ‘निदान वेळ तरी सोडायची नाही’ असे सगळ्यांच्याच मनात बसले होते.

परिणाम

पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पहाटे पाचला सुटते. ताईंनी पंप १५ मिनिटे आधी घेतला. पहिला अर्धा भाग २ तास २६ मिनिटांत, जवळपास आखल्याप्रमाणे. सागरी सेतू पार करेपर्यंत सगळे सुरळीत. ३० नंतर चेहरा तापला, वेग आठ मिनिटांच्या पुढे गेला. शेवटच्या टप्प्यातला पेडर रोडचा चढ त्यांनी चालत काढला. दुसरा अर्धा भाग २ तास ४२ मिनिटे, एकूण ५ तास ८ मिनिटे. खोकला आला नाही, पोटरी दुखली नाही.

कुठे वेगळे करता आले असते

नाव नोंदवतानाच आईचा दमा, धुळीच्या शिंका हे विचारले असते तर पहिल्याच खोकल्याला संशय आला असता. आता गटाच्या नोंदणीत हे तीन प्रश्न आहेत: घरात दमा, धुळीचा त्रास, धावून थांबल्यावर खोकला.

खोकल्याची वेळ लिहून ठेवली असती, म्हणजे थांबल्यापासून किती मिनिटांनी सुरू आणि किती मिनिटांत बंद, तर प्रतिजैविकावर पाच दिवस गेले नसते. दोन धावांच्या नोंदी डॉक्टरांना पुरल्या असत्या.

सर्वांत मोठी फेरतपासणी वेगाची. ३० किलोमीटरच्या रविवारनंतर लक्ष्य ५ तासांवर आणायला हवे होते, म्हणजे किलोमीटरला ७:०६. पहिला अर्धा भाग अडीच तासांत झाला असता तर पेडर रोडला पायांत काही उरले असते. ५:०८ ऐवजी पाच तास झालेच असते असे म्हणता येत नाही, पण शेवटचे बारा किलोमीटर इतके खर्चिक झाले नसते. खान्देशातून मुंबईला जाणाऱ्याने डिसेंबरपासून आठवड्यातली एक धाव दुपारची ठेवावी. दुपारी २७-२८ अंश घराबाहेरच असतात, ते फुकट मिळतात. ही सोय काश्मिरातल्या धावपटूला नाही.

एक गोष्ट अजून उघडी आहे. उन्हाळ्यात ताईंनी पंप न घेता १० किलोमीटर धावून पाहिले, त्रास झाला नाही. तो कोरडी गार हवा नसल्यामुळे, की धूर नसल्यामुळे, हे ठरवायला नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिली लाट येण्याआधी आणि आल्यावर, अशी दोनदा ट्रेडमिलवरची चाचणी डॉक्टरांनी ठरवली आहे.